बाहेर म्हणजे कुठे?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मिटिंग झाली. विषय नेहमीचेच. पाण्याची टाकी, पार्किंग, जिन्याचा रंग, आणि शेवटी, सगळे घड्याळाकडे बघायला लागल्यावर, 'ओला कचरा'. मागच्या अंगणात खताचा खड्डा पुन्हा सुरू करायचा का, असा प्रश्न होता. लगेच एक गृहस्थ म्हणाले, "अहो, बिल्डिंग आज ना उद्या रिडेव्हलपमेंटला जाणार. तोवर कशाला ही भानगड? आत्ता जातोय ना कचरा बाहेर? जाऊ दे की."

मी काहीच बोललो नाही. का बोललो नाही ते शेवटी सांगतो, कारण ते सांगण्यासारखं नाही, पण सांगायला हवं. मात्र त्या दिवसापासून तो 'बाहेर' हा शब्द डोक्यात अडकून बसलाय. बाहेर म्हणजे नक्की कुठे?

लहानपणी आई रोज रात्री एकच वाक्य म्हणायची, "डबा बाहेर ठेव रे." बाहेर म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारती ज्यांनी पाहिल्यात त्यांना माहीत असेल, अशा घरांना मागे एक अरुंद जिना असतो. पुढचा जिना रुंद, कठड्याला लाकडी गुळगुळीत हात. मागचा जिना अंधारा, एक माणूस जेमतेम जाईल एवढा. तो कशासाठी, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही. आपल्या घराची घाण नेणाऱ्या माणसाने आपल्या पुढच्या जिन्याने येऊ नये म्हणून तो बांधलाय, हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. म्हणजे आमच्या इमारतीचा नकाशा काढतानाच कुणीतरी ठरवलं होतं की 'आत' काय आणि 'बाहेर' काय.

या 'बाहेर'चा इतिहास शोधायला गेलो आणि गंमत म्हणजे तो आमच्या माटुंग्यातच सापडला.

आमचं घर किंग्ज सर्कलपासून जवळ. आता त्याला महेश्वरी उद्यान म्हणतात, पण तोंडात किंग्ज सर्कलच येतं. नाना, म्हणजे माझे वडील, रविवारी मला वडाळ्याच्या बाजूला फिरायला न्यायचे. वाटेत एक लांबच लांब भिंत लागायची. भिंत आली की नाना खिशातून रुमाल काढून नाकाला लावायचे आणि मलाही लावायला सांगायचे. वास काही येत नसे. उलट आत मोठी मोठी झाडं होती. "आत काय आहे?" असं विचारलं की नाना म्हणायचे, "महारोग्यांचं इस्पितळ. चल, पाय उचल." नाना शिकलेले, समंजस गृहस्थ. पण रुमाल काढायचेच. मीही पुढे कित्येक वर्षं त्या भिंतीशी आलो की नकळत श्वास रोखायचो.

ते इस्पितळ म्हणजे आजचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय. ते १८९० मध्ये सुरू झालं, आणि तेव्हा त्याचं नाव होतं 'होमलेस लेपर असायलम, माटुंगा'. तेव्हा माटुंगा म्हणजे मुंबईचं टोक. भातखाचरं, पाणथळ, नारळी-ताडाची झाडं, थोड्या वाड्या. खरी मुंबई खाली दक्षिणेला संपत होती. शहराला जे नको होतं ते इथे आणून ठेवायचं, असा हा काळ.

हॅरी अर्बथनॉट अ‍ॅकवर्थ हे तेव्हाचे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असायला हवं. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर ज्यांनी मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले, तेच हे अ‍ॅकवर्थ. १८९४ मध्ये त्यांनी त्यातल्या निवडक पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरंही प्रसिद्ध केली. म्हणजे एकीकडे हा माणूस गोंधळी-शाहिरांकडून पोवाडे मिळवत होता, आणि त्याच वर्षांत रस्त्यावर भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांचं काय करायचं याचा विचार करत होता.

त्या विचारामागे नुसती दया नव्हती, भीतीही होती. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन १८८९ मध्ये त्याच रोगाने गेले आणि जगभर घबराट पसरली. हॅन्सन यांनी कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्येच शोधला होता, पण औषध नव्हतं. तेव्हा मुंबईच्या बाजारांतून, देवळांच्या पायऱ्यांवरून या माणसांना उचलून माटुंग्याला आणण्यात आलं. त्यांना छप्पर मिळालं, अन्न मिळालं, मलमपट्टी मिळाली. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे विसरून पुढची गोष्ट सांगितली तर ती खोटी होईल.

आता पुढची गोष्ट.

एवढी माणसं एका जागी राहिली की मैला आणि सांडपाणी होणारच. शहराची गटारं इथवर आलेली नव्हती. बाकीच्या मुंबईत काय होत होतं? घरांच्या मागे हाऊस गल्ल्या होत्या, टोपल्या होत्या, आणि त्या उचलणारे हलालखोर होते. १८८८ च्या म्युनिसिपल कायद्यात तर 'हलालखोर कर' असा एक करच होता. मैला डोक्यावरून वाहून दूर न्यायचा, ही पद्धत. पण जी माणसं आधीच शहराने 'दूर' नेऊन ठेवली आहेत, त्यांचा मैला आणखी कुठे दूर नेणार?

मग तिथे बंद टाक्या बांधल्या गेल्या. मुंबई महापालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. कार्कीट जेम्स यांनी या कामात पुष्कळ लक्ष घातलं. बंद टाकीत हवा नसली की एका जातीचे सूक्ष्म जीव मैला कुजवतात आणि त्यातून वायू निघतो. त्यात मुख्यतः मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. हा मिथेन जळतो. खाली जो गाळ उरतो त्याचं खत होतं. १८९७ मध्ये माटुंग्याच्या या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय होती आणि त्या वायूवर इंजिन चालवलं जात होतं. इंग्लंडमध्ये एक्सेटर गावी डोनाल्ड कॅमेरॉन यांनी बंद टाकीचा प्रयोग केला, टाकीतल्या वायूवर दिवे लावले, ते १८९५ मध्ये. म्हणजे माटुंगा त्याच्या मागोमागच!

बायोगॅसच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकाचं पहिलं प्रकरण उघडा. जगातल्या अगदी सुरुवातीच्या संयंत्रांमध्ये 'मुंबईची कुष्ठरोग्यांची वसाहत' हा उल्लेख बहुधा सापडतोच. गंमत म्हणजे बऱ्याच पुस्तकांत त्याचं साल १८५९ दिलेलं असतं. एकाने लिहिलं, पुढच्यांनी उतरवून घेतलं. पण माटुंग्याचं असायलम सुरूच झालं १८९० मध्ये. जी जागा नव्हती तिथे टाकी कशी असेल? तेव्हा १८९७ हेच साल खरं धरायला हवं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो. ज्या भिंतीशी नाना नाकाला रुमाल लावायचे, त्या भिंतीच्या आत, नानांच्या जन्माच्याही आधी, देशातल्या इतर कुठल्याही ठिकाणाआधी, माणसाच्या मैल्यापासून इंजिन चालत होतं. शहाण्यासुरत्या मुंबईने जे दक्षिणेत केलं नाही, ते शहराने टाकून दिलेल्या माणसांच्या वस्तीत झालं. फार हुशारीने झालं असं नाही. तिथे दुसरा मार्ग नव्हता म्हणून झालं. तिथून पुढे 'बाहेर' उरलंच नव्हतं.

पण शहरासाठी मात्र 'बाहेर' अजून खूप शिल्लक होतं.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अ‍ॅकॅशियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढची काही वर्षं मुंबईने काय भोगलं ते सर्वांना माहीत आहे. कोंदट चाळी, अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारं. हे बदलायचं म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या मोठ्या योजनांपैकी एक होती दादर-माटुंगा, तिला लागून शीव-माटुंगा. खाचरं भरून घेतली, रुंद रस्ते आखले, दोन्ही बाजूंना झाडं लावली, इमारतींमध्ये अंतर ठेवलं, उंचीवर मर्यादा घातली. पाच उद्यानं, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, सगळं त्यातूनच आलं. आज आम्ही माटुंगेकर ज्या सावलीचा अभिमान बाळगतो, ती सावली म्हणजे शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. ज्यांनी ती रोपं लावली त्यांनी काही ही सावली उपभोगली नसणार. पर्यावरणाची जबाबदारी म्हणजे काय, हे सांगायला मला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही. मी सकाळी फिरायला बाहेर पडलो की ते डोक्यावर असतंच.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. माटुंगा 'आत' आलं तेव्हा शहराचं 'बाहेर' पुढे सरकलं. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग आज आपण हार्बर लाइनचा भाग म्हणून ओळखतो. तो १९०६ मध्ये टाकला गेला तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी. माणसांसाठी त्यावर गाडी सुरू झाली ती १९२४ मध्ये. म्हणजे त्या रस्त्याने आधी आपला कचरा गेला आणि मग माणसं. पुढे १९२७ पासून देवनारला कचरा टाकायला सुरुवात झाली. आमच्या रस्त्यांवर झाडं मोठी होत होती, त्याच वर्षांत तिकडे डोंगर मोठा होत होता. दोन्ही एकाच शहराची लागवड. आम्ही फक्त एकीलाच आपली म्हणत आलो.

मग माटुंग्याच्या त्या टाकीचं पुढे काय झालं? ती कल्पना काही मेली नाही. १९३० च्या दशकात आमच्या शेजारी, दादरच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, पुन्हा असा वायू तयार होऊ लागला. त्यानंतर दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत शेणावर प्रयोग झाले. १९५१ च्या सुमारास जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचं 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र तयार केलं आणि साठच्या दशकात खादी ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेलं. शाळेच्या पुस्तकात आपण जे 'गोबरगॅस'चं चित्र काढलं ना, तेच हे.

पण लक्षात घ्या, शेण आलं आणि मैला मागे पडला. शेण पवित्र, त्याला हात लावायला कुणाची हरकत नाही. माणसाच्या मैल्याचं नाव काढलं की पुन्हा तोच रुमाल नाकाला. अडचण यंत्राची नव्हतीच. ते १८९७ मध्येच जमलं होतं. अडचण होती ती 'ही घाण माझी आहे' असं म्हणण्याची.

हे म्हणणारा माणूस आपल्या कोकणात होऊन गेला. आप्पासाहेब पटवर्धन. जन्म १८९४, शिक्षण भरपूर, प्राध्यापकी सोडून गांधीजींकडे गेलेले. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे संडास साफ करण्याचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनाच दिलं जाई. आप्पासाहेबांनी ते काम मागितलं. सवर्णाला ते मिळणार नाही, असं उत्तर आलं. त्यावर आप्पासाहेबांनी उपास आरंभला. ते कळल्यावर येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्यासाठी डिसेंबरात उपास सुरू केला. विचार करा, हक्कासाठी उपास करणारे पुष्कळ झाले. संडास साफ करू द्या म्हणून उपास करणारा हा एकच!

पुढे १९४८ मध्ये आप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. तिथे त्यांनी मैल्याचं सोनखत होईल असा साधा संडास तयार केला. तो 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला गेला. मेलेल्या जनावरांचं कातडं कमावण्याचं कामही त्यांनी तिथे केलं आणि गोबरगॅसचाही प्रसार केला. एक एक करून पाहिलं तर ही सगळी कामं शहराने, गावाने, जातीने 'बाहेर' ठेवलेली. आप्पासाहेब ती उचलून आत आणत होते.

त्यांचा धागा पुढे देहूला गेला. डॉ. मापुसकर १९६० च्या आसपास तुकोबांच्या देहूत सरकारी डॉक्टर म्हणून आले. गावात जंत, अतिसार, कावीळ यांवर औषधं देऊन देऊन त्यांच्या लक्षात आलं की खरा रोग उघड्यावरच्या हागणदारीत आहे. त्यांनी घरोघरी संडास बांधून घेतले, आणि पुढे ऐंशीच्या दशकात मैल्यावर चालणारं 'मलप्रभा' बायोगॅस संयंत्र तयार केलं. त्यांनी काढलेल्या संस्थेचं नाव आप्पा पटवर्धनांच्याच नावाने आहे. २०१५ मध्ये ते गेले आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैल्याच्या गॅसवर शिजवलेला भात खायला तयार व्हायचं, हा खरा प्रयोग. टाकी बांधणं त्या मानाने सोपं.

म्हणजे पहा, माटुंग्याच्या टाकीपाशी जी माणसं राहत होती त्यांना निवड नव्हती. आप्पासाहेबांना होती. तेच काम, पण एकीकडे लादलेलं आणि दुसरीकडे मागून घेतलेलं. मला वाटतं, नैतिक निवड म्हणतात ती याहून वेगळी काही नसते.

असो. आता माझ्याकडे येतो. इतका वेळ इतिहासाच्या आड लपलो होतो.

घनकचऱ्याचे नियम २००० मध्ये आले आणि ओला-सुका कचरा वेगळा करा, असं सगळीकडे ऐकू येऊ लागलं. मुंबईत १९९७ पासून एएलएमचे गट सुरू झाले होते. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मामींनी पुढाकार घेतला. मामी मूळच्या पालघाटच्या, पण जन्म माटुंग्यातला. मराठी माझ्याहून शुद्ध. त्यांच्याकडे लग्नकार्याला अजूनही केळीच्या पानावर जेवण, आणि जेवण झालं की पान गायीला. "वाया काय गेलं सांग?" असं विचारायच्या. २००३ मध्ये त्यांनी मागच्या अंगणात खड्डा करून घेतला. कचरा वेचणाऱ्या दोन बायका रोज येऊन ओला कचरा त्यात टाकत, ढवळत, वर माती घालत. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' या नावाने कचरावेचक बायकांना असं शिक्षण द्यायला सुरुवात केली होती. मामींनी कुठेतरी त्याबद्दल ऐकलं होतं आणि स्वतःच आपल्या ओळखीच्या दोघींना तयार केलं. त्यातली एक मावशी मला एकदा म्हणाली, "साहेब, आधी आमी कचऱ्यात हात घालायचो. आता खत करतो." काम तेच होतं. पण ती ताठ उभी राहून सांगत होती.

पहिला पावसाळा आला आणि खड्ड्याला वास सुटला. आज मला त्याचं कारण माहीत आहे. ओला कचरा फार, वाळका पाला कमी, त्यात पाणी शिरलं आणि हवा कोंडली. हवा कोंडली की जे माटुंग्याच्या टाकीत होत होतं तेच होतं, फक्त इथे वायू धरायला झाकण नव्हतं. पोतंभर सुकी पानं आणि वर एक पत्रा, एवढ्याने काम भागलं असतं. पानांचं काय, माटुंग्यात पानांना तोटा आहे का?

पण मी तेव्हा कमिटीत होतो, आणि माझी बेडरूम त्या अंगणावर उघडत होती. मी अर्ज लिहिला. 'रहिवाशांच्या आरोग्यास धोका' असं भारदस्त वाक्य घातलं. अकरा सह्या गोळा केल्या, पहिली माझी. खड्डा बुजवला. त्या दोन मावश्यांचं काम गेलं. मामी एवढंच म्हणाल्या, "वास तुझ्याच घरातल्या कचऱ्याचा होता रे." मी हसून वेळ मारून नेली. नाकाला रुमाल लावणाऱ्या नानांचा मी मुलगा, दुसरं काय करणार?

त्यानंतर दोन वर्षांनी २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गांधी मार्केट, किंग्ज सर्कल, आमची गल्ली, सगळं पाण्याखाली. रात्री तळमजल्यावरच्या काकूंच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि त्यावर पिशव्या तरंगत होत्या. दुधाच्या, वेफर्सच्या, काळ्या, निळ्या, गाठ मारलेल्या. मी काकूंना खुर्चीवर बसवून जिन्यावर नेत होतो आणि माझ्या मांडीला त्या पिशव्या लागत होत्या. गाठ मारून 'बाहेर' टाकलेलं सगळं परत घरी आलं होतं. माटुंगा मुळात सखल, पाणथळ भाग. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही, आणि आम्ही त्याच्या वाटेत पिशव्या भरून ठेवल्या होत्या.

त्या दिवसापासून मी कापडी पिशवी वापरायला लागलो. चांगलं केलं. पण खरं सांगायचं तर त्यात मला स्वतःबद्दल फार बरं वाटायला लागलं, आणि ते बरं वाटणंच धोक्याचं होतं. पिशवी कापडी, पण तिच्यातल्या भाजीची देठं अजून 'बाहेर'च जात होती.

मग २०१६ चा जानेवारी. देवनारच्या डोंगराला आग लागली. दिवसचे दिवस धुमसत होती. धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. तिकडच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. का लागते अशी आग? कचऱ्याच्या डोंगराच्या पोटात हवा नसते. तिथे ओला कचरा कुजतो आणि मिथेन तयार होतो. तोच वायू! १८९७ मध्ये माटुंग्यात ज्याच्यावर इंजिन चाललं, तोच वायू सव्वाशे वर्षांनी देवनारला मुलांच्या छातीत धूर भरायला कारण होतो. वायू बदलला नाही, रसायन बदललं नाही. फक्त एके ठिकाणी कुणीतरी ती घाण आपली समजून तिच्यावर झाकण बसवलं, आणि दुसरीकडे आपण सगळ्यांनी ती गाठ मारून पाठवून दिली. त्या डोंगरात माझ्या घरच्या पन्नास वर्षांच्या भाजीची देठं आहेत, आणि त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी ती मागितली नव्हती.

लोक म्हणतील, एका घराच्या बादलीने काय होणार? प्रश्न रास्त आहे. माटुंग्याची टाकी एका माणसाने आपल्या बादलीने बांधली नव्हती. ती महापालिकेने बांधली होती. झाडं ट्रस्टने लावली. मोठी कामं मोठ्या व्यवस्थेनेच होतात, आणि ती तिने करावीत म्हणून भांडायलाही हवं. पण व्यवस्था तरी कुठून सुरू होते? किंग्ज सर्कलच्या उड्डाणपुलाखालची जागा पाहा. पूल झाला आणि खालची जागा अशा सगळ्या जागांसारखीच वाया जाणार होती. रहिवासी आधी स्वतः राखणीला उभे राहिले, मग महापालिकेमागे लागले, आणि २०१६ मध्ये तिथे नानालाल मेहता उद्यान झालं. आधी कुणीतरी म्हणावं लागतं, ही जागा 'बाहेर' नाही, आमची आहे.

आणि बादलीने जगाचं काही होवो न होवो, माझं होतं. गेली सात-आठ वर्षं मी बाल्कनीत कुंडीतलं खत करतो. मामींना विचारून शिकलो. आता त्या नव्वदीला आल्यात. रोज सकाळी आदल्या दिवसाची सालं, चहाची पावडर, कॉफीचा चोथा त्यात टाकतो, सुका पाला घालतो, हाताने हलवतो. पहिले काही दिवस शिसारी आली. मग कळलं की याला मातीचा वास येतो. आणखी एक गोष्ट झाली. रोज हाताने हलवायला लागल्यावर किती अन्न टाकतो ते दिसलं. शिळी पोळी, नासलेली कोथिंबीर, उगाच जास्त केलेला भात. डब्याचं झाकण लावून दाराबाहेर ठेवताना ते कधी दिसलं नव्हतं. दिसल्यावर आपोआप कमी झालं. उपदेशाने झालं नव्हतं.

यामुळे देवनार बंद पडणार नाही, हे मला समजतं. पण माझी घाण उचलून दुसऱ्या कुणाच्या अंगणात नेऊन ठेवायची नाही, एवढं तरी मी करू शकतो. जग वाचवण्याची भाषा मला फार मोठी वाटते. शेजारधर्म म्हटलं की समजतं. देवनार आमच्यापासून फार लांब नाही. रेल्वेने तर वडाळ्याहून थोडीच स्टेशनं.

आता मिटिंगमध्ये मी गप्प का बसलो ते तुम्हाला कळलं असेल. २०१७ मध्ये महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना, रोज शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना, आपला ओला कचरा आपणच जिरवायला सांगितलं. आमची इमारत लहान, त्या नियमात बसत नाही. म्हणजे आम्हाला कुणी सक्ती करणार नाही. आम्ही ठरवलं तरच होईल. आणि खड्डा पुन्हा करा असं सांगायला मी उभा राहिलो असतो, तर जुन्या फायलीतला तो अर्ज, पहिली सही माझी असलेला, कुणीतरी दाखवला असता. त्या लाजेने गप्प बसलो.

काल संध्याकाळी मुद्दाम वडाळ्याच्या बाजूला फिरायला गेलो. ती भिंत, ती झाडं. आता कुष्ठरोगाला बहुविध औषधोपचार आहे, ऐंशीच्या दशकापासून माणसं बरी होऊन घरी जातात. भिंतीशी उभं राहून मी मुद्दाम लांब श्वास घेतला. पावसाने भिजलेल्या पाल्याचा वास होता.

परत येताना सेक्रेटरींच्या घरी गेलो आणि तो जुना अर्ज शोधायला सांगितलं. पुढच्या मिटिंगला तो मीच वाचून दाखवणार आहे. आधी अर्ज, मग खड्ड्याचा ठराव. आणि काम करायला कुणाला बोलवायचं असेल तर ती माणसं पुढच्या जिन्याने येतील, एवढी एक ओळ त्यात घालायची आहे.

मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. सुका पाला मात्र मी आजपासून गोळा करायला लागलोय.